लांब, ठसठशीत नखं: आकार, रंग आणि निगा, योग्य क्रमाने

लांब नखं तुटली की दोष नखांवर जातो. ‘माझी नखं मुळातच कमकुवत’, ‘माझी नखं टिकतच नाहीत’. बहुतेक वेळा नखांत काही खोट नसते, कामाचा क्रम उलटापालटा झालेला असतो. आधी हात कोमट पाण्यात भिजवायचे, मग ओल्या नखांवर कानस फिरवायची, मग तेलाचा मसाज आणि त्यावर लगेच रंग. यातलं जवळजवळ प्रत्येक काम आपापल्या जागी चांगलं आहे, पण या क्रमाने केलं की चार दिवसांत रंग कडेने सुटतो आणि आठवड्याभरात एखादं नख चिरतं.

सुरुवात करण्याआधी नखावरची एक जागा ओळखून घ्या. नख बोटाला चिकटलेलं असतं तो भाग गुलाबी दिसतो आणि जिथून ते मोकळं होऊन पुढे येतं तिथून पांढरं. या सीमारेषेची दोन टोकं, म्हणजे नख बाजूच्या कातडीतून बाहेर पडतं ते दोन कोपरे, हा लांब नखाचा सगळ्यात कच्चा भाग. टोकाला धक्का बसला की मोकळं नख तरफेसारखं वागतं आणि सगळा जोर या कोपऱ्यांवर येतो. नख जितकं लांब तितका जोर जास्त. पुढे यांना मी ‘ताणाचे कोपरे’ म्हणेन. खालच्या बहुतेक सूचना या दोन कोपऱ्यांना वाचवण्यासाठीच आहेत.

## तयारी: काय जवळ हवं

कानशीवरचा आकडा बघून घ्या. आकडा जितका मोठा तितकी कानस मऊ. नैसर्गिक नखांना २४० किंवा त्यावरची कानस वापरा, किंवा काचेची. १८० ची कानस एक्स्टेन्शनला, म्हणजे लांबी वाढवायला जोडलेल्या कृत्रिम नखाला, आकार देताना चालते. १०० ची फक्त ॲक्रिलिक किंवा हार्ड जेल अशा कृत्रिम नखांचा जाड थर उतरवायला. नैसर्गिक नखाला ती लागताच कामा नये.

नव्या कागदी कानशीची धार फार तीक्ष्ण असते आणि नखाच्या बाजूला काम करताना कातडी कापते. दुसऱ्या कानशीने ती धार दोन-तीनदा घासून बोथट करा आणि मगच वापरा.

याशिवाय लाकडी काडी, धागे न सोडणारे वाइप्स, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक बारीक सपाट ब्रश, बेस कोट, रंग, टॉप कोट आणि क्यूटिकल ऑइल. धातूची हत्यारं साबणाने धुऊन अल्कोहोलने पुसता येतात. लाकडी काडी आणि कागदी कानस निर्जंतुक होत नाहीत, त्या दुसऱ्याला देऊ नका आणि दुसऱ्याच्या घेऊ नका.

सावध: ॲसिटोन चटकन पेट घेतं. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको, मेणबत्तीसुद्धा नाही.

## टप्पा १: जुना रंग काढा

साधं नेलपॉलिश असेल तर कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये भिजवा, नखावर दाबून दहा सेकंद धरा आणि मुळाकडून टोकाकडे एका दमात पुसा. मागे-पुढे घासलं की गडद लाल किंवा निळा रंग बाजूच्या कातडीत भरतो आणि मग तो काढण्यासाठी आणखी रिमूव्हर लागतं. जेल पॉलिश, म्हणजे लॅम्पच्या अतिनील प्रकाशाखाली कडक होणारं पॉलिश, असेल तर आधी टप्पा १० वाचा. ते ओरबाडून काढलंत तर रंगाबरोबर नखाचेही पापुद्रे निघतात आणि पुढची सगळी मेहनत त्या पातळ नखावर करावी लागते.

## टप्पा २: नखं बघा, मगच आकार ठरवा

आवडलेला फोटो समोर ठेवून थेट कानस हातात घेणं, ही इथली नेहमीची चूक. आधी स्वतःची नखं बघा. कडेला पापुद्रे सुटलेत का? ताणाच्या कोपऱ्याजवळ केसासारखी चीर आहे का? नख गुलाबी भागापासून एका बाजूने सुटलंय का? सुटलं असेल तर त्या नखावर आज काही करू नका. ते आखूड कापा आणि कोरडं ठेवा. सुटलेला भाग परत चिकटत नाही, खालून नवं नख वाढावं लागतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं आणि मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं व्हायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात. त्यामुळे घाई करून फायदा नाही.

आता आकार. एकाच प्रश्नाने तो ठरवा: बाजूच्या भिंती किती राहतात?

ओव्हल आणि गोल आकारात दोन्ही बाजू शाबूत राहतात, म्हणून ते सगळ्यात दणकट. स्क्वेअरमध्येही बाजू राहतात, पण टोकाचे कोपरे कपड्यात आणि केसांत अडकतात. ते किंचित गोलवले की स्क्वोव्हल होतो आणि बराच त्रास वाचतो. आमंड म्हणजे बदामी आकार टोकाकडे निमुळता होतो, पण हळूहळू. बाजू ताणाच्या कोपऱ्यापर्यंत सरळ ठेवल्या तर नैसर्गिक नखावरही तो टिकतो. कॉफिन (निमुळता, पण टोक सपाट) आणि स्टिलेटो (सुईसारखं टोक) या दोन्हीत दोन्ही बाजूंनी बरंच नख जातं. हे आकार मजबुतीच्या थराशिवाय किंवा एक्स्टेन्शनशिवाय करू नका. कितीही चांगलं नख असलं तरी नुसतं ते हा आकार पेलत नाही.

लांबीसाठी माझा हिशेब साधा आहे. उघड्या नखाचा मोकळा भाग गुलाबी भागाच्या निम्म्याइतका, आणि वर मजबूत थर असेल तर जास्तीत जास्त गुलाबी भागाइतका. त्यापुढची लांबी फोटोपुरती ठीक, रोज वागवायला नाही.

दहाही नखांची लांबी जोडीजोडीने जुळवायची. एक अनामिका आखूड असेल तर दुसऱ्या हाताचीही तेवढीच करा. हे कुणालाच आवडत नाही, पण एकच नख पुढे आलेलं असलं की प्रत्येक धक्का तेच खातं.

सावध: रुग्णांना प्रत्यक्ष हाताळणाऱ्यांनी हा बेत सोडून द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हातस्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा कामात कृत्रिम नखं चालत नाहीत आणि नैसर्गिक नखाचं टोक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी असावं लागतं.

## टप्पा ३: कोरड्या नखांना आकार द्या

नख पाणी शोषतं, फुगतं आणि मऊ पडतं. अशा नखावर कानस फिरवली की कड कापली न जाता फाटते आणि तिथून थर सुटायला लागतात. म्हणून हा टप्पा पाण्याच्या आधी. आंघोळ किंवा भांडी झाल्या झाल्या बसू नका.

लांबी आधी. बरीच लांबी कमी करायची असेल तर नेलकटरने मधोमध एकच मोठा घास घेऊ नका. नेलकटर वाकलेल्या नखाला दाबून सपाट करतो आणि त्या दाबाने नख आतून चिरतं. दोन्ही बाजूंनी छोटे छोटे तुकडे घेत मध्यावर या, किंवा सरळ कानशीनेच कमी करा.

मग बाजू. बोटं तळहाताकडे दुमडा, नखं स्वतःच्या डोळ्यांसमोर आणा. कानस नखाच्या बाजूला समांतर धरा आणि ताणाच्या कोपऱ्याच्या पुढे, फक्त मोकळ्या भागावर फिरवा. कानस कोपऱ्यात खुपसून तिथे खाच पाडणं ही या सगळ्या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक. आकार त्या क्षणी नाजूक आणि सुंदर दिसतो आणि दोन दिवसांनी नख बरोबर त्याच खाचेवर चिरतं.

मग निमुळतं करणं. आमंड हवा असेल तर टोकाच्या मध्यावर पेन्सिलने बारीक ठिपका द्या. डाव्या बाजूकडून ठिपक्याकडे चार-पाच हात, मग उजवीकडून तितकेच. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे गेलात तर टोक हमखास एका अंगाला झुकतं आणि ते सरळ करता करता लांबी जाते. कॉफिनसाठी आधी दोन्ही बाजू आत घ्या आणि टोक अगदी शेवटी सपाट करा. टोक आधी सपाट केलं तर बाजू घेताना त्याची रुंदी बदलत राहते.

कानस एकाच दिशेने फिरवावी की मागे-पुढे, यावर फार वाद घातला जातो. माझ्या मते खरं नुकसान खरखरीत कानस आणि जोर यांनी होतं. पातळ नखांवर बाजूकडून मध्याकडे एकाच दिशेने फिरवणं सुरक्षित, एवढं नक्की.

शेवटी कड. आकार झाला की कडेखाली पांढरी भुशी आणि सालपटं लोंबतात. कानस कडेखाली तिरकी धरून हलकेच वर एकदा फिरवा. ही सालपटं बोटाने ओढू नका, ओढलं की पापुद्रा आतपर्यंत जातो.

तपासा, तीन बाजूंनी: हात समोर ताणून वरून बघा, टोक बोटाच्या मध्यरेषेत आहे का. तळहात स्वतःकडे करून खालून बघा, दोन्ही बाजू सारख्या उतरतात का. मग बोट डोळ्यांकडे रोखून टोकाकडून बघा, एक अंग दुसऱ्यापेक्षा जाड किंवा खाली गेलेलं तर नाही ना. शेवटी प्रत्येक कड एखाद्या पातळ मोज्यावरून ओढा. जिथे धागा अडकेल तिथे अजून काम आहे.

## टप्पा ४: मुळाची कातडी

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकच समजल्या जातात. नखावर चिकटलेला पारदर्शक, पातळ, मेलेला पडदा म्हणजे क्यूटिकल. तो काढायचा असतो. त्याच्या मागची जाडसर जिवंत कातडीची घडी कापायची नसते, कारण तीच जंतू आणि पाणी आत जाऊ देत नाही. ती कापली की आधी लाली येते, मग ठणका, आणि मग नखुरडं.

क्यूटिकल रिमूव्हरचा एक थेंब मुळाशी लावा, बाटलीवर लिहिलेला वेळच ठेवा. यात बहुधा पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइड असतं, ते मेलेली कातडी मऊ करतं तसंच जास्त वेळ राहिलं तर नखालाही मऊ करतं. लाकडी काडी नखावर जवळजवळ आडवी धरून छोट्या गोलाकार हालचालींनी पडदा मागे न्या. काडी उभी धरून खरवडलं तर नखावर पांढरे ओरखडे पडतात. सुटलेला पडदा ओल्या कापडाने पुसून काढा. कात्री फक्त लोंबणाऱ्या सुट्या कातडीपुरती.

मोकळ्या नखाच्या खालच्या बाजूलाही अशीच एक नाजूक चिकट कड असते. तिथे टोकदार वस्तू घालून ‘साफ’ केलं की नख तळापासून सुटायला लागतं. साबण आणि मऊ ब्रश तिथे पुरेसे आहेत.

## टप्पा ५: रंगाआधीची स्वच्छता

क्यूटिकल रिमूव्हर पूर्ण निघेपर्यंत हात साबणाने धुवा, कडेखाली ब्रश फिरवा, पुसा. आता थांबा. अर्धा तास दुसरं काही करा. नखात शिरलेलं पाणी बाहेर पडलं की नख आक्रसतं. ओलसर नखावर लावलेला रंग या आक्रसण्यात साथ देत नाही आणि सुटतो.

साध्या पॉलिशसाठी नख बफ करायची गरज नाही. जेलसाठी मऊ बफरने (नख घासायच्या मऊ ठोकळ्याने) फक्त चमक घालवायची, दोन-तीन हलके हात. नख चकचकीत होईपर्यंत बफर फिरवत राहणं म्हणजे दर वेळी नखाचा एक थर घालवणं.

शेवटी अल्कोहोलने भिजवलेल्या वाइपने प्रत्येक नख पुसा, बाजूच्या खोबणीसकट. यानंतर नखाला बोट लागू देऊ नका, केसांतून हात फिरवू नका.

सावध: तेल आणि क्रीम आता नाही. सगळं झाल्यावर.

## टप्पा ६: मजबुतीचा थर

मध्यम लांबीचं ओव्हल असेल तर हा टप्पा सोडून चांगल्या बेस कोटवर भागवा. आमंड लांब ठेवायचा असेल, किंवा कॉफिन-स्टिलेटो हवं असेल, तर बिल्डर जेलचा, म्हणजे नखाला मजबुती देणाऱ्या घट्ट जेलचा, थर लागतो.

या थराची ताकद सरसकट जाडीत नसते. सगळीकडे सारखा जाड थर दिला तर नख जड होतं आणि तरीही तुटतं. थराचा सगळ्यात उंच भाग ताणाच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर यायला हवा. तिथून तो मुळाकडे आणि टोकाकडे उतरत जावा, दोन्ही बाजूंना पातळ व्हावा.

बेस जेलचा अगदी पातळ थर लावा आणि लॅम्पखाली पक्का करा. मग बिल्डर जेलचा पातळ थर पसरा, त्यावर एक मोठा थेंब त्या रेषेच्या जरा मागे ठेवा आणि ब्रशच्या टोकाने, नखाला न टेकवता, टोकाकडे ओढत न्या. हात उलटा करून पाच-दहा सेकंद धरा. जेल खाली ओघळून मधोमध जमतं आणि उंचवटा आपोआप येतो. लगेच हात सरळ करून लॅम्पखाली. एका वेळी एक किंवा दोनच नखं करा. पाचही करत बसलात तर पहिल्या नखाचं जेल बाजूच्या कातडीत उतरतं. अंगठा वेगळा पक्का करा, बाकी बोटांबरोबर तो लॅम्पमध्ये तिरका पडतो.

लॅम्पखाली नख भाजल्यासारखं वाटलं तर हात बाहेर काढा, दोन क्षण थांबा, परत ठेवा. जेल घट्ट होताना उष्णता सोडतं आणि थर जितका जाड तितकी ती जास्त. सोसत बसू नका, पुढच्या वेळी थर पातळ करा. लॅम्पच्या अतिनील प्रकाशासाठी हाताला आधी सनस्क्रीन लावून ठेवा किंवा बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे घाला. सनस्क्रीन नखाला लागणार नाही हे बघा.

सावध, आणि हे दोनदा वाचा: न वाळलेलं जेल कातडीला लागता कामा नये. लागलं तर लॅम्पआधी काडीने आणि अल्कोहोलने पूर्ण पुसा. जेलला त्याच कंपनीने सांगितलेला लॅम्प आणि तितकाच वेळ द्या. दुसऱ्या लॅम्पखाली वरून कडक दिसणारं जेल आत कच्चं राहू शकतं. कच्च्या जेलमधल्या ॲक्रिलेट रसायनांची, विशेषतः ‘हेमा’ची, ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. याच कुळातली रसायनं दातांच्या भरणीत आणि सांध्यांच्या शस्त्रक्रियेतल्या सिमेंटमध्येही असतात, त्यामुळे प्रश्न फक्त नखांपुरता उरत नाही. युरोपीय संघाने २०२० च्या नियमाने नखांच्या उत्पादनांत हेमाचा वापर व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. नखांभोवती खाज, लाली, बारीक फोड, किंवा पापण्यांवर पुरळ आलं तर जेल तिथेच थांबवा.

प्रेस-ऑन, म्हणजे तयार मिळणारी चिकटवायची नखं लावणार असाल तर प्रत्येक नखाची रुंदी आधी जुळवून रांगेत मांडा. अरुंद नख दाबून बसवलं की ते सतत उघडायला बघतं आणि खालचं नखही ओढतं. किंचित रुंद घ्या आणि बाजू घासून बसवा. सांडलेला नेल ग्लू कापसाने पुसू नका. कापसाशी त्याची अभिक्रिया होऊन एवढी उष्णता निघते की कातडी भाजते.

## टप्पा ७: ठसठशीत रंग

बाटली जोरजोरात हलवू नका, हवेचे बुडबुडे नखावर येतात. तळहातांत आडवी धरून अर्धा मिनिट फिरवा.

बेस कोट टाळू नका. लाल आणि गडद रंग नखाला पिवळं करतात. बेस वाळला की ब्रश बाटलीच्या तोंडाशी एका बाजूने पूर्ण निपटा, दुसऱ्या बाजूला एक छोटा थेंब राहू द्या. तो मुळापासून जरा पुढे टेकवा, हळूच मागे ढकला, कातडीपासून केसभर आधी थांबा आणि सरळ टोकापर्यंत ओढा. मग डावी बाजू, मग उजवी. तीन फटकाऱ्यांत नख झालं पाहिजे. पहिला थर पट्ट्यापट्ट्यांचा दिसणारच. तो सुधारण्याच्या नादात ब्रश पुन्हा पुन्हा फिरवला की अर्धवट वाळलेला रंग गोळा होतो.

निऑन रंग एकट्याने फिके आणि डागाळ दिसतात, त्यांच्याखाली पांढऱ्याचा एक पातळ थर द्या. काळं किंवा गडद निळं जेल मात्र नेहमीपेक्षाही पातळ लावा. रंगद्रव्य लॅम्पचा प्रकाश अडवतं, जाड थर वरून सुरकुततो आणि खाली ओला राहतो.

प्रत्येक थरानंतर ब्रश टोकाच्या कडेवरून, आणि लांब नख असेल तर किंचित खालूनही, एकदा फिरवा. वाळताना पॉलिश आक्रसतं. कड झाकलेली नसेल तर दुसऱ्याच दिवशी टोकाला पांढरी रेघ दिसते.

बाजूला गेलेला रंग ओला असतानाच ॲसिटोनमध्ये बुडवून निपटलेल्या बारीक ब्रशने काढा. मुळाशी ब्रशची सपाट कड कमानीत फिरवली की रंगाची रेषा स्वच्छ येते. भडक रंगात कामाची सफाई इथेच कळते. दोन थरांत दोन-तीन मिनिटं थांबा. टॉप कोट लावताना ब्रश नखाला न दाबता जेलीसारख्या थरावर तरंगत न्या, नाहीतर खालची नक्षी फरफटते.

साधं पॉलिश पंधरा मिनिटांत हाताला कोरडं लागतं, पण आत कित्येक तास मऊ असतं. झोपायच्या जरा आधी रंग लावला की सकाळी चादरीची नक्षी नखांवर उमटलेली असते. त्या दिवशी गरम पाणीही टाळा.

तपासा: जेल असेल तर वरचा चिकट थर अल्कोहोलने पुसल्यावर नख कडक आणि गुळगुळीत लागायला हवं. नखाने दाबून खळगा पडला तर जेल कच्चं आहे.

आता तेल. प्रत्येक नखाच्या मुळाशी, बाजूंना आणि मोकळ्या भागाच्या खाली.

## टप्पा ८: रोज काय करायचं

लांब नखांचं खरं शत्रुत्व पाण्याशी आहे. दिवसातून अनेकदा भिजणं-सुकणं, म्हणजे फुगणं-आक्रसणं, याने थर सुटतात. भांडी, कपडे, फरशी यांना हातमोजे; आत सुती अस्तर असलं तर घामानेही नखं भिजत नाहीत. दिवसातून दोनदा तेल, त्यातली एक वेळ झोपताना. जोजोबा तेल चांगलं, पण हाताशी असलेलं कुठलंही साधं तेल न लावण्यापेक्षा बरं.

नखाला अवजार बनवू नका. डबीचं झाकण, शीतपेयाच्या कॅनची कडी, स्टिकर, किल्लीची रिंग, सगळ्यांना चमचा किंवा चिमटा. चेन लावताना, मोजे ओढताना, केस धुताना बोटाचा मांसल भाग वापरा. फोनवर टाइप करताना बोट आडवं ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स घालता-काढताना फार जपा. तर्जनी आणि अंगठ्याची नखं आखूड ठेवणं हाच खरा उपाय.

साधं पॉलिश असेल तर दर दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा पातळ थर, कडेसकट. नख मऊ आहे म्हणून फॉर्माल्डिहाइड असलेलं हार्डनर महिनोन्‌महिने लावत राहू नका. नख कडक होता होता ठिसूळ होतं आणि वाकण्याऐवजी तडकतं. नखांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर रक्ततपासणीआधी डॉक्टरांना जरूर सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराशी संबंधित ट्रोपोनिनच्या काही चाचण्यांचे निकाल चुकू शकतात.

## टप्पा ९: दोन-तीन आठवड्यांनी भरणी, आणि मध्येच चीर पडली तर

तीन आठवड्यांत नख साधारण २ मिलिमीटर पुढे सरकतं आणि त्याबरोबर थराचा उंचवटाही. तो आता ताणाच्या रेषेच्या पुढे गेलेला असतो आणि त्या रेषेवरचा थर पातळ पडलेला. मुळाशी नुसती रिकामी जागा भरून रंग लावणं म्हणून पुरत नाही. आधी लांबी कमी करा, पुढे सरकलेला उंचवटा घासून उतरवा, सुटलेल्या कडा पूर्ण काढा आणि नवा उंचवटा योग्य जागी द्या. सुटलेल्या कडेवरच जेल ओतून ‘बुजवणं’ सगळ्यात वाईट. आत ओलावा कोंडतो, जंतू वाढतात आणि नखावर हिरवट डाग दिसू लागतो.

ताणाच्या कोपऱ्यावर केसाएवढी चीर पडली तर त्याच दिवशी हे करा. नख आखूड करा. न वापरलेल्या टी-बॅगच्या कागदाचा चिरेपेक्षा थोडा मोठा तुकडा कापा. कोरड्या, तेल नसलेल्या नखावर नेल ग्लूचा छोटा थेंब, त्यावर चिमट्याने कागद, वर दुसरा थेंब. वाळल्यावर मऊ बफरने कडा बसवा आणि वर बेस कोट द्या. कागद दिसेनासा होतो. चीर गुलाबी भागात खोल गेली असेल, रक्त असेल किंवा दुखत असेल तर ग्लू लावू नका. स्वच्छ करून पट्टी बांधा.

## टप्पा १०: काढताना

सोक-ऑफ, म्हणजे ॲसिटोनने सुटणाऱ्या जेलवरचा टॉप कोट कानशीने घासून चमक पूर्ण घालवा, नाहीतर ॲसिटोन आत शिरत नाही. आजूबाजूच्या कातडीला तेल किंवा व्हॅसलीन लावा. नखाएवढा कापूस ॲसिटोनमध्ये भिजवून वर ठेवा, फॉइलने घट्ट गुंडाळा आणि १० ते १५ मिनिटं थांबा. फॉइल काढल्यावर जेल सुरकुतून उचललेलं दिसेल. काडीने तेवढंच सरकवा. जे चिकटून आहे त्याला पुन्हा पाच मिनिटं गुंडाळा. जोर लावावा लागतोय याचा अर्थ अजून वेळ झालेली नाही. हार्ड जेल ॲसिटोनने विरघळत नाही, ते घासूनच उतरवावं लागतं. हात सराईत नसेल तर ते पार्लरमध्ये करून घ्या आणि नैसर्गिक नखापर्यंत मशीन नेऊ देऊ नका.

काढल्यावर हात धुवा, तेल लावा आणि नखं एकदा नीट बघा. हिरवट डाग, पिवळट जाड झालेलं नख, तळापासून सुटत जाणारं नख किंवा मुळाशी ठणकणारी सूज दिसली तर वर रंग न चढवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. एखाद्याच नखावर मुळापासून टोकापर्यंत तपकिरी किंवा काळी उभी रेघ नव्याने दिसली, रुंदावत गेली किंवा तिचा रंग बाजूच्या कातडीत उतरला तर थांबू नका, ती त्वचेच्या कर्करोगाची खूणही असू शकते. आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर निदान एका बोटाचा रंग किंवा थर आधीच उतरवून जा. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा नखावरच बसतो आणि गडद रंगामुळे त्याचं मापन चुकू शकतं.